पाटल्या चार तोळ्यांच्या, माफी एका तोळ्याचीही नाही



गणपतीच्या गर्दीत हातात आलेलं पत्रक घडी घालून खिशात टाकायचं आणि दोन दिवसांनी शर्टाबरोबर धुवून काढायचं, ही आपली रीत. हे पत्रक धुण्याआधी वाचा. ही क्लासची जाहिरात नाही, फ्लॅटची नाही, आणि आम्हाला महापालिकेलाही उभं राहायचं नाही.

जुन्या सांगवीच्या घाटापासून नव्या सांगवीच्या कृष्णा चौकापर्यंत अशी एक सोसायटी दाखवा, जिथलं कोणी ‘बाहेर’ नाही. चाकणच्या कंपनीनं डेप्युटेशनवर जर्मनीला धाडलेला डिझाइनचा मुलगा. मस्कतला वेल्डिंग करणारा भाऊ. आखाती रुग्णालयात रात्रपाळ्या करणारी सिस्टर. ही माणसं जाताना आपण पेढे वाटतो, स्टेटस ठेवतो. परत येतात तेव्हा त्यांचं स्वागत सरकार कसं करतं, ते सांगायला हा कागद.

माझंच सांगतो. तीन वर्षं स्टुटगार्टकडे काढून आम्ही कुटुंबासह परत आलो. बायकोच्या हातात लग्नातल्या पाटल्या होत्या, पुण्यातच घडवलेल्या. विमानतळावर विचारणा झाली, “एक्स्पोर्ट सर्टिफिकेट?” ते काय असतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. भारतातून दागिने घालून जाताना कस्टम्सकडून तसा दाखला घ्यायचा, म्हणजे परत येताना ते इथलेच असल्याचा पुरावा होतो. जाताना कोणी सांगितलं नव्हतं. धाकटी ट्रॉलीवरच झोपली, रात्रीचे तीन वाजले. शेवटी सासऱ्यांनी कपाटातल्या पत्र्याच्या डब्यातून सराफाची जुनी पावती शोधून तिचा फोटो पाठवला, तेव्हा सुटका झाली. अधिकारी उर्मट नव्हता. “साहेब, नियमच तसा आहे,” एवढंच म्हणत राहिला. त्याचं खरं होतं. म्हणून घरी आल्यावर मी तो नियमच काढून वाचला.

बॅगेज रूल्स, २०१६. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून लागू, २०२५ मध्येही हेच चालू होते. वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलेल्या बाईला चाळीस ग्रॅमपर्यंतचे दागिने माफ, पुरुषाला वीस ग्रॅम. वाचताना बरं वाटतं. पण पुढे मेख होती: बाईसाठी किंमत एक लाखाच्या आत हवी होती, पुरुषासाठी पन्नास हजारांच्या. नियम झाला तेव्हा सोनं तोळ्याला तीस हजारांच्या आसपास होतं. चार तोळे तेव्हाही बसत नव्हते, पण तीन बसायचे. २०२५ मध्ये तोळा लाखावर गेला. म्हणजे कागदावर चार तोळे आणि हातात एकही पुरा नाही. पुरुषाची तर एक अंगठी, तीही बेताची.

याच नियमांत ‘वैयक्तिक वापराच्या वस्तूं’ची व्याख्या होती: रोजच्या गरजा भागवणाऱ्या वस्तू, मात्र त्यात दागिने नाहीत. म्हणजे मंगळसूत्र ही रोजच्या वापराची वस्तू नाही! हे वाक्य लिहिणाऱ्यानं घरी दाखवलं असतं, तर ते छापायला गेलं नसतं. दिल्ली उच्च न्यायालयानंही २०२५ मध्ये सोन्याचे भाव बघता हे नियम पुन्हा तपासा, असं केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाला सुनावलं. त्या ऑगस्टपर्यंत हललेलं काही नव्हतं.

आता सामानाकडे वळू. कायमचं परत येणाऱ्याला याच २०१६ च्या नियमांत ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ नावाची सवलत होती. तीन ते सहा महिने राहिलात तर साठ हजारांचं घरसामान माफ, सहा महिने ते वर्ष असेल तर एक लाखाचं, वर्षावर दोन लाखांचं, दोन वर्षं किंवा अधिक असेल तर पाच लाखांचं. त्या दोन वर्षांत सुट्टीवर भारतात मिळून सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं नाही. आधीच्या तीन वर्षांत ही सवलत घेतलेली नसावी, आणि त्या अटीत सूट नाही. मुक्काम दोन महिन्यांपर्यंत कमी पडला तर अधिकारी कारण नोंदवून माफ करू शकतो. त्याहून जास्त कमी पडला तर नाही. आमच्या पट्ट्यात हे कोणाच्या अंगावर यायचं? प्रोजेक्ट आवरला म्हणून कंपनीनं एकविसाव्या महिन्यात परत बोलावलेल्याच्या. परतीची तारीख त्यानं ठरवलेली नसायची, पण पाच लाखांचे दोन लाख त्याचे व्हायचे. आणि मस्कतमध्ये पंचवीस वर्षं घालवलेला वेल्डर? त्यालाही तेच पाच लाख, दोन वर्षांवाल्याइतकेच. फिलिपाइन्समध्येही लाखो माणसं बाहेर राबतात. तिथल्या कायद्यात ही मर्यादा वर्षांबरोबर वाढते आणि दहा वर्षं बाहेर राहिलेल्याला सर्वांत जास्त मिळते.

पाच लाखही २०१६ चेच. तेव्हा त्याचे साडेसहा हजार युरो व्हायचे, २०२५ मध्ये पाच हजारही भरत नव्हते. रुपया घसरला, तशी माफीही कोणी न कापता कापली गेली.

त्या नियमांसोबतच्या याद्या तर दिवाळी अंकात विनोद म्हणून छापाव्यात अशा होत्या. काय आणता यायचं? फॅक्स मशीन, वर्ड प्रोसेसिंग मशीन, व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर. फॅक्स! सांगवीत शेवटचा फॅक्स कोणी कधी पाठवला, आठवा. काय माफीत बसत नव्हतं? तीनशे लिटरवरचा फ्रिज, डिशवॉशर, आणि भिंतीवर लावायचा सपाट टीव्ही. टीव्हीची माफी ऑगस्ट २०१३ मध्ये काढली गेली. तेव्हा रुपया कोसळत होता आणि लोक दुबईहून पिशवीतून आणावेत तसे टीव्ही आणत होते. तेव्हाचं कारण समजू शकतं. पण चार वर्षं घरात वापरलेला, मुलानं कोपऱ्यावर स्टिकर चिकटवलेला टीव्ही आणि दुबईच्या दुकानातून आणलेला बंद खोका यात फरक करायला नको?

हा फरक जगात करतात. चाकणला तीन वर्षं काम करून मायदेशी निघालेला जर्मन साहेब काय करतो, बघा. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमाप्रमाणे त्यानं सलग बारा महिने बाहेर काढलेले असावेत आणि वस्तू किमान सहा महिने वापरलेल्या असाव्यात. बस्स. किंमतीची मर्यादाच नाही. स्वतःची वापरलेली गाडीसुद्धा त्यात येते. उलट अट एवढीच की नेलेलं सामान पुढचे बारा महिने विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही. आपल्याकडून पुण्याचा सोफा घेऊन तो सुखानं घरी जातो. कंपनीत त्याच मजल्यावर बसलेला आमचा मुलगा तिकडून परतताना मात्र मिक्सरची पावती शोधतो.

कोणी म्हणेल, कायदा बदलायला संसद लागेल. नाही लागत. सीमाशुल्क कायदा १९६२ चा आहे. त्याच्या कलम ७९ मध्ये आधीच लिहिलंय की नियमांत सांगितलेला किमान काळ प्रवाशानं वापरलेली वस्तू करमुक्त सोडता येते. किल्ली तिथेच लटकलेली आहे. फक्त परतणाऱ्याच्या घरसामानासाठी तो ‘किमान काळ’ ठरवून, तीच एक कसोटी धरून नियम करायचे आहेत. ते काम अर्थ खात्याच्या अधिसूचनेचं, सहीचं आहे.

दुसरा आक्षेप तिखट आहे, आणि तो आमच्याच गल्लीतून येतो: “डॉलर कमावून आलात, भरा की कर!” भरू. नव्या वस्तूवर जरूर घ्या, विकायला आणलेल्यावर दुप्पट घ्या. सोन्याची बिस्किटं आणणाऱ्याला पकडा, आम्ही टाळ्या वाजवू. पण ज्याला बिस्किटं आणायची आहेत तो ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’चा फॉर्म भरत बसत नाही. तो फॉर्म भरते ती सिस्टर, जिला बारा वर्षांनी आईला सांभाळायला परत यायचंय. तिनं पाठवलेल्या पैशांवर धाकट्यांची शिक्षणं झाली, ढोरेनगरात वन बीएचके झाला. तिच्या जुन्या वॉशिंग मशीनची किंमत लावून देशाचा खजिना भरणार असेल, तर मग बोलणंच खुंटलं.

२०२५ मधलं आमचं मागणं थोडक्यात असं. दागिन्यांवरची रुपयांची मर्यादा काढा, वजनाची राहू द्या. वापरलेल्या घरसामानावर किंमतीऐवजी वापराच्या काळाची अट घाला. विकायची बंदी हवी तर जोडा. फॅक्सच्या जमान्यातल्या याद्या फेकून द्या. कंपनीनंच मुदतीआधी परत बोलावलं असेल, तर तिचं पत्र पुरावा म्हणून धरा.

हे निवेदन अर्थमंत्र्यांकडे, आणि त्याची प्रत मावळच्या खासदारांकडे जाणार आहे. विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळी सात ते नऊ आम्ही पी.डब्ल्यू.डी. मैदानाच्या रस्त्याला टेबल टाकून बसलोय. सही करायला परदेशात जाऊन आलेलं असण्याची अट नाही. आणि घरातलं कोणी येत्या काही दिवसांत निघणार असेल तर थांबा जरा: दागिन्यांचे फोटो, सराफाच्या पावत्या आणि तो एक्स्पोर्टचा दाखला कसा घ्यायचा, ते टेबलावर समजावून सांगतो. पेन आमचंच आहे.

आपले,
परत आलेले काही सांगवीकर
नवी सांगवी, भाद्रपद, शके १९४७ (ऑगस्ट २०२५)