विश्लेषण : जास्त फिरवले की चांगले मिसळते? किकवीच्या रस्त्यावरचा मिक्सर, सुपातला तांदूळ आणि आयआयटीतले संशोधन

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले आणि कापूरहोळ मागे पडले की भोर तालुक्यातले किकवी लागते. या महामार्गावर काँक्रीट वाहणारे ट्रान्झिट मिक्सर रोजचेच. ट्रक चहासाठी थांबला तरी त्याच्या पाठीवरचा ड्रम फिरतच राहतो. तो थांबला तर काँक्रीट आळेल हे खरे, पण उत्तर तेवढ्यावर संपत नाही. थांबलेल्या ड्रममध्ये जड खडी तळाशी बसू लागते आणि मिश्रण फुटते.

याच रस्त्याच्या कडेला भातखाचरे आहेत. मळणी झाली की घरातल्या बायका सुपात तांदूळ घेऊन तो गोल घोळतात. हलके तूस वर येऊन एका जागी गोळा होते, खडे तळाशी राहतात. हालचाल फिरवण्याचीच, पण हेतू नेमका उलटा.

मग फिरवल्याने मिसळते की वेगळे होते? प्रश्न पोरकट वाटेल, पण यावर गेली चाळीस वर्षे गंभीर संशोधन सुरू आहे आणि त्यातले एक ठळक नाव मुंबईतले आहे.

कोण आहेत देवांग खक्कर?

आयआयटी मुंबईच्या रासायनिक अभियांत्रिकी विभागात त्यांनी प्राध्यापक म्हणून काम केले. 2009 ते 2019 या काळात ते संस्थेचे संचालकही होते. बातम्यांमध्ये त्यांचे नाव आले ते बहुतेक त्या पदामुळे. त्यांची खरी ओळख मात्र द्रव आणि दाणेदार पदार्थ कसे मिसळतात, या कामाची. 1997 मध्ये त्यांना अभियांत्रिकीसाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ज्युलिओ ओटिनो यांच्याबरोबर काम करताना 1986 मध्ये त्यांचा एक महत्त्वाचा शोधनिबंध आला. मध, रंग, वितळलेले प्लास्टिक असे घट्ट द्रव मिसळतात तरी कसे, हा विषय. पाण्यात साखर ढवळली की भोवरे उठतात आणि काम होते. घट्ट द्रवात तसे भोवरे उठत नाहीत. एकाच दिशेने गोल ढवळत राहिले तर रंगाची रेघ फक्त गुंडाळली जाते, विरघळत नाही.

उपाय घडीच्या पोळीत आहे. लाटायचे, घडी घालायची, पुन्हा लाटायचे. प्रत्येक घडीला पदर दुप्पट होतात. दहा घड्यांत 1024, वीस घड्यांत दहा लाखांहून जास्त. घट्ट द्रवालाही असेच ताणून दुमडावे लागते. त्यासाठी जोर वाढवण्यापेक्षा हालचालीचा नमुना बदलणे कामाला येते. उदाहरणार्थ, दोन जागी आळीपाळीने ढवळणे. गंमत अशी की एवढे करूनही मधे काही बेटे न मिसळता तशीच राहू शकतात. बाहेर सगळे एकजीव आणि आत गुठळी, हा पिठल्यातला अनुभव नवा नाही!

दाण्यांचे गणित वेगळे का?

द्रव मिसळले की सहसा मिसळलेलेच राहतात. दाणे तसे नाहीत. आडव्या, अर्ध्या भरलेल्या नळकांड्यात बारीक आणि जाडे दाणे एकत्र घालून ते सावकाश फिरवले तर बहुतेक दाणे नळकांड्याबरोबर घट्ट एकगठ्ठा फिरतात. घसरतो तो फक्त वरचा पातळ थर. त्या थरात जाड्या दाण्यांमधल्या फटींतून बारीक दाणे खाली उतरतात आणि एक-दोन फेऱ्यांतच मधल्या गाभ्यात जमा होतात. आकार सारखा पण वजन वेगळे असेल तर जड दाणे आत जातात. खक्कर, ओटिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात या पातळ थराचे गणित मांडले. अशा वेळी आणखी फेऱ्या मारून उपयोग नसतो. यंत्र चालते, वीज जळते आणि मिश्रण होते तिथेच राहते.

चिवड्याचा डबा हे याचे घरगुती रूप. डबा हलत राहिला की शेंगदाणे वर, आणि तळाशी मीठ, मोहरी, चुरा. म्हणूनच जाणत्या हाताने चिवड्यात पिठीसाखर आणि बारीक मीठ घातले जाते. ते तेलकट पोह्यांना चिकटते आणि खाली गळत नाही. किंचित ओल किंवा चिकटपणा दाण्यांना वेगळे होऊ देत नाही, हे प्रयोगशाळेतही दिसले आहे.

याचा फटका कुठे बसतो?

चिवडा खारट लागला तर फार बिघडत नाही. पण थायरॉइडच्या 50 मायक्रोग्रॅमच्या गोळीत औषध असते एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. बाकी सगळी भरड. पिंपात नीट मिसळलेली भुकटी यंत्रात ओतताना फुटली तर एका गोळीत औषध जास्त आणि दुसरीत कमी जाईल. म्हणून गोळ्यागोळ्यांतले प्रमाण सारखे आहे का, हे तपासावे लागते.

शेतात अशी तपासणी कोण करणार? युरियाचा दाणा बारीक, डीएपीचा जाडा. दोन्ही घरी एकत्र करून पोते गाडीवर टाकले की खाचरापर्यंतच्या धक्क्यांत युरिया खाली बसतो. पहिल्या मुठीत एक खत जास्त, शेवटच्या मुठीत दुसरे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधे खोचतात. ती आणली गेली नत्र वाया जाऊ नये म्हणून, पण दाबून केलेल्या गोळीत दोन्ही खतांचे प्रमाणही बांधले जाते. हा फायदा शेतकऱ्याला क्वचितच समजावून सांगितला जातो, आणि ही उणीव शेतकऱ्याची नाही.

बांधकामाचेही तेच. मिक्सरच्या आत मळसूत्री पाती असतात. ड्रम एका दिशेने फिरला की माल आत ढकलला जातो, उलटा फिरवला की बाहेर पडतो. प्रयोगातल्या साध्या नळकांड्यात हीच पाती नसतात. रस्ताभर ड्रमने जपलेले मिश्रण बिघडते ते साइटवर. माल पातळ व्हावा म्हणून वरून पाणी मारले जाते, उंचावरून ओतले जाते, व्हायब्रेटर गरजेपेक्षा जास्त वेळ धरला जातो. चिवड्यात जाडे वर येते. इथे मात्र सिमेंटची लापशी द्रवासारखी वागते, म्हणून खडी खाली बसते आणि वर कमकुवत थर उरतो. काँक्रीट साधारण दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून मोकळे सोडू नये, असे भारतीय मानक 456 सांगते. पण गावातल्या घराचा स्लॅब पडताना सिमेंटची पोती मोजली जातात, खडीच्या पाट्या मोजल्या जातात. उंची मोजताना कोणी दिसत नाही. मालकाने त्या दिवशी टेप घेऊन उभे राहायला हरकत नाही.