लहान अक्षराचें मोठेपण

गेल्या चातुर्मासांत आम्ही कांहीं दिवस आटपाडीस थोरल्या काकूंकडे होतों. स्नानानंतर विष्णुसहस्रनाम सार्थ वाचल्यावांचून काकू पाण्याचा थेंबहि घेत नाहींत. त्यांच्या जुन्या पोथीस कसर लागली, म्हणून आम्हींच शहरांतून नवी प्रत नेली होती. नामें त्यांस मुखोद्गत. परंतु खालचा बारीक अर्थ वाचतां वाचतां त्या एकदम थबकल्या. 'भर्ता' या नामाचा अर्थ त्यांनीं वाचला, "जगाचें मरण करणारा"! पोथी मिटून त्या म्हणाल्या, "डोळे गेले रे बाबा माझे. देवाच्या नांवांतहि आतां मरण दिसूं लागलें." त्या दिवसापासून अर्थ वाचणें त्यांनीं सोडलें.

डॉक्टरांनीं डोळे तपासले. चष्मा ठीक होता. तेव्हां आम्हीं जुन्या पोथीचीं उरलेलीं पानें व नवी पोथी शेजारीं शेजारीं ठेवून भिंगाखालीं पाहिलीं. अक्षरांची उंची दोहोंतहि सारखीच. परंतु जुन्या पोथींत 'भ'च्या शिरोरेषेंतील फट मोकळी होती. नवींत ती शाईनें बुजली होती. फट बुजली कीं 'भ'चा 'म' होतो आणि 'ध'चा 'घ'. दोष काकूंच्या डोळ्यांत नव्हता, अक्षराच्या घडणींत होता.

जुनी पोथी खिळ्यांवर छापलेली होती. त्या काळीं प्रत्येक मापाच्या अक्षरासाठीं पोलादाचा ठसा हातानें निराळा कोरावा लागे. त्या ठशानें तांब्यांत साचा उमटवीत व साच्यांत शिशाचा रस ओतून खिळा काढीत. मुंबईस जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढिला. त्याच्या नामांकित देवनागरी अक्षरांचे ठसे राणोजी रावजी आरू यांनीं कोरले. लहान ठसा कोरतांना जाणता कारागीर मोठ्याची नुसती नक्कल करीत नसे. ठसा ज्योतीवर धरून त्यास काजळी बसवावी, कागदावर उमटवावा, आणि अक्षराचें पोट बुजतें असें दिसलें कीं पुन्हां हत्यार चालवावें, अशी रीत होती. लहान अक्षराच्या बारीक रेषा तो किंचित् जाड करी, फटी रुंदावी, अक्षर थोडें पसरट ठेवी. कारण अक्षर लहान म्हणून शाई कांहीं कमी पसरत नाहीं, आणि फट दिसण्यास डोळ्यालाहि किमान जागा लागतेच. बाळाचें अंगडें म्हणजे बापाच्या सदऱ्याची लहान प्रत नव्हे; त्याच प्रमाणांत गळा बेतला तर बाळाचें डोकेंच शिरावयाचें नाहीं.

आटपाडी पूर्वीं ज्या संस्थानांत मोडत असे, त्या औंधास पंडित सातवळेकर यांच्या स्वाध्यायमंडळानें वेदसंहिता छापल्या. वेदांत अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखालीं आणि स्वरिताची उभी रेघ अक्षरावर येते. मोठ्या अक्षराशीं शोभणारी रेघ त्याच प्रमाणांत आकसली तर दिसेनाशी होते. आणि रेघ गेली कीं स्वर गेला.

अमेरिकेंत १८८५ सालीं बेंटन यांनीं ठसे कोरण्याचें यंत्र सिद्ध केलें, आणि एकाच नमुन्यावरून अनेक मापें काढणें सोपें झालें. पुढें छायाक्षरजुळणी आली, संगणक आला, आणि एकच अक्षरचित्र हवें तसें ताणावें वा आकसावें हा प्रघातच पडला. २०१६ पासून एकाच फाँटांत मापानुसार अक्षराचा घाट आपोआप बदलण्याचीहि सोय झाली आहे. परंतु ती प्रत्येक फाँटांत नसते. आणि मागणाराच नसेल तर छापणारा ती कशास शोधील?

म्हणून आमच्या वाचकांस एक विनंती आहे. घरचा कुलवृत्तांत, एखादें स्तोत्र किंवा मुंजीची पत्रिका छापावयास द्याल, तेव्हां पडद्यावर मोठें करून दाखविलेलें पान पाहून होकार देऊं नका. योजिलेल्या कागदावर, योजिलेल्याच मापांत एक पान छापून मागा. त्यांतील भ-म, ध-घ, जोडाक्षरें आणि अनुस्वार पाहा. मग तें पान घरांतील सर्वांत वडील माणसाच्या हातीं द्या आणि मोठ्यानें वाचावयास सांगा. कागदाचे चार पैसे वांचविण्यापायीं घरच्या वडिलांस आपली दृष्टि गेली असें वाटावें, हें बरें नव्हे.

काकूंसाठीं आम्हीं अर्थाचीं पानें मोकळ्या घाटाच्या अक्षरांत, किंचित् मोठ्या मापांत पुन्हां छापून घेतलीं. पोथी जरा जाड झाली. तीं पानें घेऊन आम्ही पुन्हां आटपाडीस गेलों. काकूंनीं चष्मा पुसला, 'भर्ता'पाशीं बोट ठेवून अर्थ सावकाश वाचला, दोनदां वाचला. शेवटपर्यंत पाठ पुरा केला, आणि मग पाणी घेतलें.