सुझुकी निम्मी भारताची, मग निर्णय कुणाचे?

३० जानेवारी २०२५ रोजी सुझुकीने जपानमध्ये पाच दारांची जिम्नी जाहीर केली. नाव 'जिम्नी नोमाड', बनावट गुरुग्रामची. महिन्याला १,२०० गाड्या खपतील असा कंपनीचा अंदाज होता. चार-पाच दिवसांत मागणी पन्नास हजारांवर गेली आणि ३ फेब्रुवारीला बुकिंग थांबवावं लागलं. हीच गाडी जून २०२३ मध्ये भारतात आली, तेव्हा इथल्या ग्राहकाने तिला फारसा भाव दिला नव्हता.

चाळीस वर्षांपूर्वी जपानहून सुटे भाग खोक्यांतून यायचे आणि याच गुरुग्राममध्ये, तेव्हाच्या गुडगावात, त्यांची जुळणी व्हायची. आता तयार गाडी उलट दिशेने जहाजात चढते आहे. सुझुकी वर्षाला जगभरात साधारण ३२ लाख गाड्या विकते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकट्या भारतात खपतात; खुद्द जपानमध्ये खपतात त्या सातएक लाख. गिऱ्हाईक इथलं, कामगार इथले, नफ्याचा मोठा वाटाही इथूनच जातो. पण पुढची गाडी कशी असावी, कोणत्या इंजिनावर पैसा लावावा, बॅटरीसाठी कुणाचा हात धरावा, हे आजही हामामात्सूतल्या मुख्यालयात ठरतं. ही वाटणी बदलायची वेळ आली आहे, आणि त्यासाठीचा सर्वांत भक्कम युक्तिवाद सुझुकीच्याच इतिहासात सापडतो.

हामामात्सू हे जपानच्या शिझुओका प्रांतातलं शहर. हा भाग पूर्वापार कापूस आणि हातमागाचा. सोइचिरो होंडा याच परिसरातले. टोयोटाचा पाया घालणारे साकिची टोयोडा शेजारच्या कोसाईचे, आणि यामाहाचं मुख्यालयही हामामात्सूतच. मिचिओ सुझुकी हे कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे चिरंजीव, सुतारकाम शिकलेले. १९०९ मध्ये त्यांनी मागांचा कारखाना काढला आणि पुढे त्यांचे माग आग्नेय आशियात जाऊ लागले. १९३७ च्या सुमारास त्यांनी मोटारीचे नमुने करून पाहिले, पण युद्धाने ते काम गुंडाळायला लावलं. युद्धानंतर कापडधंदा गडगडला, तेव्हा कंपनीने १९५२ मध्ये सायकलला बसवायचं ३६ सीसीचं इंजिन बाजारात आणलं. १९५४ मध्ये कंपनीच्या नावातून माग गेला आणि मोटार आली. पुढच्याच वर्षी 'सुझुलाइट' ही ३६० सीसीची चिमुकली गाडी रस्त्यावर आली.

जपान सरकारने अशा छोट्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग केला होता. लांबी-रुंदी आणि इंजिन ठरलेल्या मर्यादेत ठेवलं की करात सवलत मिळे. टोयोटा, निस्सान मोठ्या गाड्यांकडे वळल्या. सुझुकीने या चौकटीतच संसार मांडला. कमी जागा, कमी पत्रा, कमी पेट्रोल, कमी किंमत. या शिस्तीला धार आणली ओसामू सुझुकी यांनी. मूळचे ओसामू मात्सुदा, बँकेत नोकरीला. सुझुकी घराण्यातल्या मुलीशी लग्न झालं आणि जपानी रीतीप्रमाणे ते जावई आणि दत्तक मुलगा अशा दुहेरी नात्याने घरात आले. १९५८ मध्ये कंपनीत शिरले आणि १९७८ मध्ये अध्यक्ष झाले.

वर्षभरातच त्यांनी 'अल्टो' काढली. किंमत ४ लाख ७० हजार येन. स्पर्धकांपेक्षा ती बरीच स्वस्त होती, कारण तिची नोंद प्रवासी गाडी म्हणून नव्हे, तर मालवाहू म्हणून होत असे. प्रवासी गाडीवर वस्तूकर होता, मालवाहूवर नव्हता. मागची सीट अडचणीची केली, नियम पाळला आणि कर वाचवला. बहुतेक गाड्यांत एखाद-दोन माणसंच बसतात, हे ओसामूंनी आधीच हेरलं होतं.

पण जपानमधल्या यशाने सुझुकी जागतिक झाली नाही. जगात कुठेतरी पहिला क्रमांक हवा, मग देश कोणताही चालेल, असं ओसामू सांगत. ती जागा भारतात मिळाली. संजय गांधींची मारुती कंपनी बुडाली, सरकारने ती ताब्यात घेतली आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये 'मारुती उद्योग' स्थापन झाली. व्ही. कृष्णमूर्ती आणि आर. सी. भार्गव यांच्यासारखे अधिकारी जगभरच्या कंपन्यांची दारं ठोठावत होते. वर्षाला चाळीसएक हजार गाड्या घेणाऱ्या आणि परवान्यांत जखडलेल्या देशात पैसा घालायला बडी मंडळी फारशी उत्सुक नव्हती. सुझुकी तयार झाली. २ ऑक्टोबर १९८२ रोजी करार झाला आणि सुझुकीने २६ टक्के हिस्सा घेतला. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली. किंमत ४७,५०० रुपये.

पुढचं मराठी वाचकाला सांगायला नको. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाऱ्याची अॅम्बेसेडर यांच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेल्या मध्यमवर्गाला न कुरकुरता सुरू होणारी गाडी मिळाली. मुंबईच्या टॅक्सीस्टँडवर पद्मिनी आणखी बरीच वर्षं टिकली, पण बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारातून ती भराभर हटली. हा सगळा पराक्रम सुझुकीच्या कौशल्याचा होता असं मात्र नाही. मारुती ही सरकारी कंपनी होती आणि नव्वदच्या दशकापर्यंत परदेशी स्पर्धकाला दार बंद होतं. दहा वर्षांचं मोकळं रान कोणत्या कंपनीला नको असतं?

त्या काळातली खरी मोठी कमाई वेगळी होती. १९८५ नंतर येन झपाट्याने वधारला आणि जपानी सुटे भाग परवडेनासे झाले. भाग भारतातच बनवण्याचं बंधन करारात होतंच, आता ती गरजही झाली. सीट, काच, एसी, प्लास्टिकचे भाग यांसाठी मारुतीने भारत सीट्स, असाही इंडिया, सुब्रोस, मशिनो प्लास्टिक्स अशा कंपन्यांत स्वतःचं भांडवल घातलं आणि त्यांना जपानी तंत्रज्ञ जोडून दिले. गुडगावच्या कारखान्यात साहेब आणि कामगार यांचा गणवेश एक, कॅन्टीन एक. सरकारी साहेबी थाटाला हे पचायला जड गेलं, पण ते रुजलं. आज भारतातून जगभर जाणाऱ्या सुट्या भागांच्या उद्योगाचा पाया मोठ्या प्रमाणात या काळात घातला गेला.

हाच प्रयोग सुझुकीने इतरत्रही केला. साम्यवादी राजवट कोसळल्यावर हंगेरीतल्या एस्टरगोममध्ये कारखाना उभा राहिला आणि १९९२ मध्ये तिथून स्विफ्ट बाहेर पडू लागली. पाकिस्तानात 'मेहरान' नावाची गाडी १९८९ पासून तीस वर्षं बनत राहिली. ती आपल्या मारुती ८०० ची सख्खी बहीण. लाहोर आणि लातूरच्या मध्यमवर्गाने एकाच गाडीत पहिला प्रवास केला, तोही बहुधा एकमेकांच्या नकळत.

जिथे बाजार आधीच श्रीमंत होता किंवा पुढे होत गेला, तिथे सुझुकी टिकली नाही. अमेरिकेत गाड्या विकणं तिने २०१२ मध्ये थांबवलं. चीनमध्ये ग्राहकाला मोठी गाडी हवी होती, तिथून ती २०१८ मध्ये निघाली. हे पराभव दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. सुझुकीचं कौशल्य नव्याने गाडी घेणाऱ्या देशांत चालतं. तो देश श्रीमंत झाला आणि त्याची आवड बदलली की ती मागे पडते. भारत आता त्याच वळणावर आहे. २०१८-१९ मध्ये मारुतीकडे प्रवासी गाड्यांच्या बाजाराचा निम्म्याहून अधिक वाटा होता, पुढच्या काही वर्षांत तो चाळीस-एकेचाळीस टक्क्यांवर आला. २०२४ या वर्षात देशात सर्वाधिक खपलेली गाडी मारुतीची नव्हती. ती होती टाटा पंच, पुण्याजवळच्या रांजणगावची.

इथे महाराष्ट्राचा धडा उपयोगी पडतो. पिंपरीतल्या टाटांच्या अभियंत्यांनी १९९८ मध्ये इंडिका आणली, तेव्हा तिच्यात दोष बरेच होते आणि तिची चेष्टाही भरपूर झाली. महिंद्राने नाशिकमध्ये स्कॉर्पिओ घडवली, ती २००२ मध्ये आली. दोन्ही कंपन्यांनी चुका केल्या, पैसा घालवला, पण गाडी आरेखनापासून उभी करायचं शिक्षण पदरात पाडून घेतलं. आज एसयूव्ही आणि विजेवरच्या गाड्यांच्या बाजारात त्या मारुतीला घाम फोडतात, त्यामागे हे शिक्षण आहे. मारुतीने मात्र तीन दशकं मुख्यतः हामामात्सूच्या गाड्या भारतीय रस्त्याला जुळवून घेतल्या आणि त्याबद्दल रॉयल्टी भरली. ही रॉयल्टी एके काळी विक्रीच्या पाच टक्क्यांच्या पुढे गेली होती. गुंतवणूकदारांनी आवाज उठवल्यावर २०१८ मध्ये तिचं सूत्र बदललं.

परक्या प्राधान्यक्रमाची किंमत ग्राहकानेही मोजली. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत अल्टो ८०० आणि स्विफ्ट या दोन्ही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. युरोपात विकली जाणारी स्विफ्ट एअरबॅगशिवाय मिळत नव्हती, इथे मिळत होती. पाच तारे मिळवणारी मारुतीची पहिली गाडी यायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. स्वस्त गाडी देण्याचं श्रेय घ्यायचं, तर काय वगळून ती स्वस्त केली याचा जाबही द्यावा लागतो. एकाच कॅन्टीनची संस्कृतीही मारुतीच्या मानेसरच्या कारखान्यात पोहोचेपर्यंत विरली. कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावरून २०११ पासून धुमसत असलेल्या त्या कारखान्यात जुलै २०१२ मध्ये हिंसाचार झाला आणि एका अधिकाऱ्याचा जीव गेला.

'भांडवल त्यांचं, तंत्र त्यांचं, मग निर्णयही त्यांचेच,' असं यावर कुणी म्हणेल. २००२ मध्ये एक हजार कोटी रुपये मोजून सुझुकीने मारुतीचं नियंत्रण घेतलं, २००७ पर्यंत सरकार पूर्ण बाहेर पडलं, आज तिचा हिस्सा ५८ टक्के आहे. मालकाने मालकी गाजवली तर तक्रार कशाची?

या प्रश्नाचं उत्तर ओसामू सुझुकींनीच देऊन ठेवलं आहे. डिसेंबर २००९ मध्ये फोक्सवॅगनने सुझुकीचा १९.९ टक्के हिस्सा विकत घेतला. थोड्याच काळात तिने आपल्या वार्षिक अहवालात सुझुकीच्या धोरणांवर आपला लक्षणीय प्रभाव पडू शकतो, असं नोंदवलं. हामामात्सूत संताप उसळला. आम्ही भागीदार आहोत, ताबेदार नाही, ही ओसामूंची भूमिका होती. २०११ मध्ये त्यांनी काडीमोड मागितला, प्रकरण लंडनच्या लवादापर्यंत गेलं आणि २०१५ मध्ये सुझुकीने सुमारे ४६० अब्ज येन मोजून स्वतःचे शेअर परत घेतले. टोयोटाशी २०१९ मध्ये भांडवली संबंध जोडताना टोयोटाने घेतलेला हिस्सा पाच टक्क्यांच्या आत राहिला. आपल्या गाडीचं आपण ठरवणार, या हट्टासाठी एवढी किंमत मोजणारी कंपनी भारतीय अभियंत्याचा तसाच हट्ट गैर ठरवू शकत नाही.

तो हट्ट धरण्याची ताकद इथे आहे, हे सिद्धही झालं आहे. २०१६ ची व्हिटारा ब्रेझा प्रामुख्याने मारुतीच्या भारतीय अभियंत्यांनी घडवली. ती धडाक्यात खपली आणि पुढे टोयोटाने तिच्यावर आपलं चिन्ह लावून तीच गाडी 'अर्बन क्रूझर' म्हणून विकली. रोहतकला संशोधन केंद्र आणि चाचणीचा ट्रॅक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या हंसलपूरहून ई-व्हिटारा ही विजेवरची गाडी शंभरहून अधिक देशांत पाठवण्याची सुरुवात झाली. कारखान्याचा प्रश्न सुटला आहे. आता उरला आहे तो आरेखनाचा, इलेक्ट्रॉनिक्सचा आणि बॅटरीच्या रसायनाचा. पुढची वीस वर्षं मोटारधंद्यातला पैसा तिथे आहे, पत्रा वाकवण्यात नाही.

ओसामू सुझुकी २५ डिसेंबर २०२४ रोजी ९४ व्या वर्षी गेले. भारताने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं, ते योग्यच झालं. त्यांचे पुत्र तोशिहिरो यांनी पुढच्या पाच-सहा वर्षांत भारतात ७०,००० कोटी रुपये घालण्याचं जाहीर केलं आहे. वर्षाला ४० लाख गाड्यांची क्षमता आणि निम्मा बाजार परत, हे त्यांचं लक्ष्य आहे. खरखोद्याला नवा कारखाना मिळाला म्हणून हरियाणा खूश आहे, गुजरातही. पण राज्य सरकारं जमीन आणि सवलती देताना नोकऱ्यांचा आकडा विचारतात. त्यांतल्या किती कायम आणि किती आरेखनाच्या, हे विचारत नाहीत.

विचारण्याची जागा आणखी एक आहे. गुजरातचा कारखाना मारुतीऐवजी थेट जपानी कंपनीच्या मालकीचा असेल, असं २०१४ मध्ये ठरलं, तेव्हा भारतीय म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्यांनी हरकत घेतली होती. त्या दबावाने अटी बदलल्या आणि अल्पसंख्य भागधारकांचं मत घ्यावं लागलं. २०२३ मध्ये तो कारखाना अखेर मारुतीकडे आला. या फंडांत आणि विम्यात सामान्य माणसाचाच पैसा आहे. त्या ७०,००० कोटींतले रोहतकच्या वाट्याला किती येणार, आणि २०३० नंतरच्या गाडीची पहिली रेघ कोणत्या शहरात ओढली जाणार, हे दोन प्रश्न त्यांनी मारुतीच्या पुढच्या वार्षिक सभेत विचारायला हवेत.