पुढारीपणाची परीक्षा

घरांतील एखादें मूल चारचौघांत धीटपणानें बोललें, कीं 'हें पुढें नांव काढणार' असें आपण म्हणतों. जें कोपऱ्यांत पुस्तक घेऊन बसतें, त्याविषयीं मात्र कोणी असें भाकीत करीत नाहीं. याच संवयीचा विचार करावयास लावणारी एका शिष्यवृत्तीची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत 'नाइट-हेनेसी' नांवाची शिष्यवृत्ति आहे. तेथील जुने विद्यार्थी व 'नाइकी' या बुटांच्या कंपनीचे एक संस्थापक फिल नाइट यांनीं २०१६ सालीं तिच्यासाठीं ४० कोटि डॉलर देऊं केले. तिला केवळ दात्याचें नांव नाहीं; २००० ते २०१६ पर्यंत विद्यापीठाचे अध्यक्ष असलेले संगणकशास्त्रज्ञ जॉन हेनेसी यांचेंहि नांव त्यास जोडलें आहे. पहिली तुकडी २०१८ सालीं दाखल झाली. वैद्यक, कायदा, शिक्षण, अभियांत्रिकी अशा कोणत्याहि शाखेंत पदवीनंतरचा अभ्यास करणारास, मग तो कोणत्याहि देशाचा असो, ती मिळूं शकते. निवड करतांना स्वतंत्र विचार, पुढारीपण आणि लोकहिताची वृत्ति या तीन गोष्टी पाहतात.

योजना स्तुत्य खरीच. डोक्यावर शिक्षणाचें कर्ज नसलें, म्हणजे तरुण माणूस पगाराआधीं कामाकडे पाहूं शकतो. परंतु पंचविशीच्या सुमारास पुढारीपण ओळखावें कसें?

दात्याचेंच उदाहरण घ्या. १९६२ च्या सुमारास याच विद्यापीठांत व्यापारशास्त्र शिकत असतां नाइट यांनीं एक निबंध लिहिला. जपानी कॅमेऱ्यांनीं जर्मन कॅमेऱ्यांस मागें टाकलें, तसेंच धांवण्याच्या बुटांचेंहि होईल, असें त्यांत प्रतिपादन होतें. तो वर्गापुढें मांडला तेव्हां सहाध्यायी कंटाळून बसले. एकानेंहि प्रश्न विचारला नाहीं, असें त्यांनींच आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. पुढें १९६४ सालीं आपले जुने क्रीडाशिक्षक बिल बॉवरमन यांच्यासह प्रत्येकीं ५०० डॉलर घालून त्यांनीं धंदा मांडला. हिशेबनिसाची नोकरी संभाळून ते मोटारींतून बूट नेत व शर्यतींच्या मैदानांवर विकीत. निबंधाच्या त्या दिवशीं एखादी निवडसमिति वर्गांत येऊन बसती, तर तिनें या लाजाळू तरुणावर बोट ठेवलें असतें काय? आम्हांस तरी शंका आहे.

म्हणून अशा शिष्यवृत्त्यांच्या परीक्षकांनीं आजवर मिरविलेल्या पदांची यादी पाहण्याबरोबरच उमेदवाराच्या मनांत कोणता प्रश्न घर करून आहे, हेंहि पाहावें. आणि आपण गृहस्थांनीं? ४० कोटि देणें आपल्या हातीं नाहीं. परंतु रात्रीं पंगतींत तें अबोल मूल कधीं कांहीं सांगूं लागलें, तर हातांतला घांस थांबवून त्यास एक प्रश्न विचारणें आपल्या हातीं खचित आहे.