कुंपण आणि शेत

घराला कडीकुलूप असावे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. त्याचप्रमाणे आपण कोठे जातो, कोणाशी काय बोलतो, याची टिपणे परक्याने ठेवू नयेत, हीही मनुष्याची स्वाभाविक इच्छा असते. पहिली गोष्ट सुरक्षिततेची, दुसरी खासगीपणाची. मोबाइल फोन आणि त्यातील सॉफ्टवेअर निवडताना मात्र या दोहोंची गल्लत होते. एक साधले म्हणजे दुसरे आपोआप साधले, असा आपला समज असतो.

प्रथम सुरक्षिततेचा विचार करू. सॉफ्टवेअर ही मनुष्याचीच कृती. तेव्हा तीत उणिवा राहणारच. त्या वेळोवेळी दूर करणे हे निर्मात्याचे कर्तव्य होय, आणि ती दुरुस्ती स्वीकारणे हे आपले. विंडोजमधील एका उणिवेवर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये उपाय दिला होता. ज्या संगणकांपर्यंत तो पोहोचला नव्हता, त्यांवर मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने घाला घातला आणि ब्रिटनमधील कित्येक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. दुरुस्त्या बंद झालेला जुना फोन म्हणजे मोडके कुंपणच होय.

परंतु कुंपण भक्कम असूनही तेच शेत खाऊ लागले तर? अँड्रॉइड फोनसाठी विजेरीचे एक लोकप्रिय ॲप होते. उजेड देणे एवढेच त्याचे काम. तथापि ते वापरणाऱ्याचे ठिकाण जाहिरात करणाऱ्यांना परस्पर कळवते, असा ठपका अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१३ साली ठेवला. येथे चोराने कुलूप तोडले नव्हते. ज्याला विश्वासाने घरात घेतले, त्यानेच चहाडी केली होती.

“माझ्याजवळ लपवण्याजोगे काय आहे?” असे काही जण विचारतात. पण फोनमध्ये केवळ आपलेच असते काय? त्यात आप्तांचे पत्ते असतात, मित्राने विश्वासाने सांगितलेली व्यथा असते, आजोबांच्या आजाराचे कागद असतात. त्यांच्या वतीने उदार होण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. हक्क मान्य करणे न्यायालयाच्या हाती असते. तो रोजच्या व्यवहारात जपणे मात्र ज्याच्या त्याच्या हाती असते.

यास्तव फोन घेताना रंगरूप पाहण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. याला दुरुस्त्या किती वर्षे मिळणार? आणि हा माझ्याविषयी कोणाला काय सांगणार? आपले ठिकाण कळल्यावाचून नकाशा वाट दाखवू शकत नाही, हे खरे. म्हणून त्याला तेवढ्यापुरते ते सांगावे. विजेरीला ते कशाला हवे? सारेच नाकारणे जसे शहाणपणाचे नव्हे, तसे सारेच मान्य करणेही नव्हे. कुंपण मजबूत असावे, आणि ते शेत खात नाही ना, यावर धन्याची नजरही असावी.