टर्कीच्या मागे जाऊ नका!

मागच्या आठवड्यात मावशीने फोनवर विचारलं, "तू म्हणे पक्षी मारतोस?" हो, मारतो. वर्षाकाठी एखादा, तोही मिळाला तर. मावशीशी त्यावर भांडण चालूच आहे, आज राग वेगळ्यांवर आहे.

आमच्या पेनसिल्व्हेनियात वसंत ऋतूत रानटी टर्कीची शिकार फक्त आवाज देऊन, बोलावूनच करायची असा कायदा आहे. दबा धरत मागे जायचं नाही. नर टर्की रात्री झाडावर झोपतो आणि फटफटायच्या सुमारास तिथूनच ओरडायला लागतो. खरं तर माद्यांनी त्याच्याकडे जायचं असतं. आपण मादीचा आवाज काढून त्यालाच आपल्याकडे आणायला बघतो, म्हणजे गंगा उलटीच वाहवायची!

मग लोक काय करतात? लाकडी पेटी, पाटी-काडी, तोंडात धरायचा पडदा, सगळं विकत घेतात आणि तासभर कोकलतात. अहो, आवाज ही त्यातली सोपी बाजू. बसायचं कुठे हे खरं! अंधारातच त्याच्या झाडापासून शंभर-दीडशे यार्डांवर पोचावं, त्याच्या पातळीला किंवा किंचित वर. मध्ये ओढा किंवा कुंपण नको, नाहीतर स्वारी पलीकडे थांबून सकाळभर नुसती ओरडते (हे मी तीन हंगाम घालवून शिकलो). खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ टेकावी, दोन-तीनदा हलकेच साद घालावी आणि त्याने उत्तर दिलं की गप्प बसावं. तुम्ही नेमके कुठे आहात ते त्याला कळलेलं असतं. बोलत राहिलात तर 'ही येतेच आहे' असं समजून तो तिथेच पिसारा फुलवून उभा राहतो.

पण गप्प बसणं जमत नाही ना! मग आवाजाच्या दिशेने रांगत जायचं. हल्ली तर व्हिडिओ बघून टर्कीचा पिसारा तोंडासमोर धरून जातात. कित्येक राज्यांत त्याला बंदीही नाही. बंदूकवाल्यांनी भरलेल्या रानात टर्कीसारखं दिसायचं, याला धाडस म्हणतात म्हणे!

गेल्या मे महिन्यात मी ओकला टेकून बसलो होतो. दोनदा साद घातली. दहा मिनिटांनी डावीकडच्या झुडपात पानं वाजली. माझाही अंगठा सेफ्टीवर गेला, खोटं कशाला बोलू. मग टोपीची कड दिसली. माझ्या आवाजावर एक माणूस रांगत येत होता, बंदूक पुढे करून. अशा वेळी हात हलवायचा नाही आणि पक्ष्याचा आवाज तर मुळीच काढायचा नाही, माणसाच्या आवाजात मोठ्याने बोलायचं. मी जागचा न हलता ओरडलो, आणि घाबरून ओरडलो ते चक्क मराठीत, "अरे थांब!"

थांबला. "सॉरी, टर्की वाटली," म्हणाला आणि निघून गेला. मला उठायला मात्र बराच वेळ लागला.

मावशीला यातलं काही सांगितलेलं नाही. आता वाचेलच.