टाकळ्याचे मलम : परंपरा आणि परीक्षा

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या फोंडाघाट परिसरात पावसाळा सुरू झाला, की बांधावर व रस्त्याकडेला टाकळा उगवतो. त्याच सुमारास भातलावणी करणाऱ्यांच्या पायांना चिखल्या होतात. सतत चिखलात राहिल्याने बोटांच्या बेचक्यांतील त्वचा मऊ पडून फाटते व तेथे बुरशी आणि जंतू शिरतात. ऐन हंगामात काम थांबविता येत नाही. म्हणून घरगुती मलमांचा विचार शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

या मलमांची सामग्री गावातच आहे. टाकळ्याचे संस्कृत नाव ‘दद्रुघ्न’, म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. त्याच्या बियांतील काही द्रव्ये बुरशीची वाढ रोखतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. करंजेल त्वचारोगांवर पूर्वापार लावले जाते. भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल, साधारण ४० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते. एरवी ते घट्ट राहत असल्याने मलमास उत्तम आधार देते.

तथापि, परंपरा म्हणजे पुरावा नव्हे. जखमेवर हळद वापरण्याचे अमेरिकेत १९९५ साली दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून १९९७ साली रद्द करविले. त्या वेळी गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर परिषदेचे महासंचालक होते. त्या निकालाने उपचाराचे जुनेपण सिद्ध झाले. गुण सिद्ध करणे हे निराळे काम आहे.

भाताचे नवे वाण प्रचलित वाणाशेजारी लावून, तुलना केल्यावाचून शिफारसले जात नाही. मलमासही हाच न्याय लावावा. लावणी संपली, की पाय कोरडे राहतात व चिखल्या आपोआप बऱ्या होऊ लागतात. श्रेय मात्र मलमास मिळते. यासाठी काही रुग्णांना औषधी मलम व काहींना नुसते भिरंडेल द्यावे; कोणास काय दिले हे रुग्णास व तपासणाऱ्यास ठाऊक नसावे. गुण न आलेल्यांचीही नोंद व्हावी. अशी परीक्षा वैद्यकीय संस्थेनेच, रुग्णांच्या संमतीने करावी. विस्तार कार्यकर्त्याने वनस्पती कोणती, बी केव्हा गोळा केले व प्रमाण किती, याची टिपणे ठेवल्यास त्या कामास मोठे साहाय्य होईल.

तोपर्यंत सावधगिरी हवी. काम संपताच पाय धुऊन बेचके कोरडे करावेत. कोणतेही मलम प्रथम हाताच्या निरोगी त्वचेवर थोडे लावून पाहावे. बिब्बा व चित्रकमूळ यांनी त्वचा भाजते. ती वापरू नयेत. दुकानातील स्टिरॉइडयुक्त मलमे सल्ल्यावाचून लावल्यास खाज तात्पुरती थांबते, पण गजकर्ण पसरते. पाय सुजल्यास, ताप आल्यास किंवा रुग्णास मधुमेह असल्यास दवाखाना गाठावा. फिकट वा लालसर चट्ट्यास स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. उशीर झाल्यास मात्र हातापायांस कायमचे व्यंग येते. अशा चट्ट्यावर मलम लावीत महिने घालविणे, ही परंपरेची सेवा नव्हे.

टाकळ्यास खरा मान द्यावयाचा असेल, तर त्याला परीक्षेस बसविले पाहिजे.